मागे राहिलेल्यांची सात वर्षं

मिनलने दाराला हात लावला तसं ते आपणहूनच उघडलं. आत कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. शेजारचा तवा तापून धुरायला लागला होता आणि पोळपाटावर अर्धी लाटलेली चपाती तशीच पडली होती. पंखा गरगरत होता.

“आई, मी आले,” कंपनीचे बूट काढता काढता तिनं हाक मारली.

कुणी ओ दिली नाही. तिनं आधी जाऊन दोन्ही गॅस बंद केले. कुकर फुसफुसून गप्प झाला, आणि घर किती शांत आहे ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

दोन खोल्यांच्या घरात शोधून शोधायचं किती? न्हाणीघर रिकामं. गॅलरीत नुसते कपडे, वाऱ्यानं दोरीच्या एका टोकाला गोळा झालेले. पलंगावर सासूबाईंचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं होतं आणि त्यावर त्यांचा चष्मा. तो चष्मा नसला की कौशल्याबाईंना जिन्याची पायरीसुद्धा दिसत नसे. नवऱ्याचा, जयसिंगचा, फोन चार्जिंगला लावलेला. आज गुरुवार, त्याच्या कंपनीची सुट्टी, म्हणजे तो घरात असायलाच हवा होता. दाराशी दोघांच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.

ती शेजारच्या दारात गेली. स्वप्नाली टीव्हीसमोर बसून मेथी निवडत होती.

“आमच्या आई आल्यात का इकडं?”

“न्हाई बा. आत्ता तर होत्या की वो घरात. भाऊजींशी मोठ्यानं काहीतरी बोलत होत्या. मग एकदम गप झालं बघा. म्हटलं, झोपली वाटतं माणसं.”

“एकदम गप?”

“एकदम. का हो, काय झालं?”

“काही नाही,” मिनल म्हणाली आणि परत आली.

दुसऱ्या कुठल्या घरची सून असती तर म्हणाली असती, गेली असतील कुठंतरी, येतील. आणि चहा टाकून मोकळी झाली असती. मिनलला मात्र तसं म्हणता येईना. कारण या घरात माणसं अचानक दिसेनाशी होण्याची वाट बघितली जायची. रोज, आणि अगदी मनापासून.

जयसिंग आणि त्याची आई काळेवाडीत सोपान ब्रदरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जात. टायरच्या दुकानावर एक हॉल होता, तिथं. प्रभू येणार हे मिनललाही लहानपणापासून ठाऊक होतं. राहुरीकडच्या तिच्या माहेरच्या जुन्या चर्चमध्येही ते सांगत. पण तिथं माणसं ते ऐकून, आमेन म्हणून घरी जायची आणि विहिरीवर नवी मोटर बसवायची. सोपान ब्रदरच्या मंडळीत तसं नव्हतं. तिथं प्रभू याच दिवसांत येणार होता. विश्वासणाऱ्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत वर घेणार होता. खाली राहणार होत्या त्यांच्या चपला, चष्मे आणि चुलीवर चढवलेलं अन्न. “कंपनीत एका लाइनवर दोघी काम करत असतील,” ब्रदर बायकांकडे बघून सांगायचे, “एक जाईल, दुसरी वायरीला टेप गुंडाळत राहील.” आणि मग त्या मागे राहिलेलीच्या वाट्याला येणार होतं महासंकट.

तेव्हा या घरात पुढचं काही ठरवायचं नाही, असा रिवाजच पडला होता. खोली भाड्याची, अकरा महिने झाले की बदलायची. थेरगावातलीच ही चौथी. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. फ्लॅटचा विषय निघाला की जयसिंग हसायचा, “आपला फ्लॅट वर तयार आहे गं.” आणि मूल? लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या दिवसांत पोटुशा आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचे फार हाल होतील असं शास्त्रात लिहिलेलं आहे, ते त्यानं लग्नानंतर तिला वाचून दाखवलं होतं. वाचताना त्याचे डोळे भरून आले होते. “तुला ते भोगायला लागू नये,” एवढंच तो म्हणाला होता.

हीच तर पंचाईत होती. जयसिंग दारू पिणारा, हात उचलणारा असता तर भांडता आलं असतं, माहेरी निघून जाता आलं असतं. तो तिचा डबा भरून द्यायचा. पहिल्या शिफ्टला अंधारात तिला बसपर्यंत सोडायला यायचा. तिच्यावर जीव टाकायचा आणि त्या जीव टाकण्यातच तिला कोंडून ठेवायचा. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी मिनललाच अपराधी वाटायचं.

आणि त्यात आता हे डिप्लोमाचं आलं होतं. चाकणच्या तिच्या कंपनीत गाड्यांचे हार्नेस बनत. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात फिरणाऱ्या सगळ्या वायरींचा जुडगा. मिनल तो बोर्डावर जोडून तपासायची. कंपनीनं यंदा पहिल्यांदाच लाइनवरच्या दोन बायकांना डिप्लोमाला पाठवायचं ठरवलं होतं. फी कंपनीची, शनिवारी कामाऐवजी क्लास, तीन वर्षांचा अभ्यास आणि मग सुपरवायझरची पिवळी टोपी. ट्रेनिंगच्या चारुलता मॅडमनी तिचं नाव आपणहून काढलं होतं. मिनलला दोन दिवस धड जेवण गेलं नव्हतं आनंदानं. तिनं जयसिंगला सांगितलं तर त्यानं तिचा हात हातात घेतला.

“तीन वर्षं?” तो म्हणाला. “मिनल, तीन वर्षं आहेत कुठं आपल्याकडं?”

तिनं मॅडमना अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं. घरी विचारते, घरी विचारते, असं करत आठवडा ढकलला होता. आज पाच वाजता नावं बंद होणार होती. येताना बसमध्ये तिनं नाही म्हणायचं कसं तेच मनात जुळवलं होतं.

आता ती पलंगाच्या कडेला टेकली आणि सोपान ब्रदरना फोन लावला. प्रभू आला असेल तर सगळ्यांत आधी तेच गेले असणार. फोन बंद. मग मंडळीतल्या करिष्माला लावला. ती बाई फोन वाजायच्या आत उचलायची. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भिंतीपलीकडे स्वप्नालीच्या टीव्हीतली बाई हुंदके देत होती, खाली रस्त्यावर टेम्पोवाला कुणाला तरी शिव्या घालत होता. बाकीचं जग जिथल्या तिथं होतं. फक्त तिची ओळखीची विश्वासणारी माणसं तेवढी नव्हती.

ती पलंगावरून खाली घसरली आणि फरशीवरच बसली. जयसिंगचा फोन तिनं छातीशी धरला आणि ती रडली, अगदी लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. तो गेला होता आणि तिला घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं. गेल्या रविवारी सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना तिला दिसत होती ती पिवळी टोपी, स्वतःच्या डोक्यावरची. माणसापासून लपलं तरी प्रभूपासून काय लपणार होतं?

तिनं गुडघे टेकून बघितले. “प्रभू,” ती म्हणाली. पुढं शब्दच येईना. क्षमा कर म्हणावं तर कशाची? तिनं तर काही केलंच नव्हतं, नुसतं मनात आणलं होतं. ती तशीच मागे टेकून बसली आणि हॉलमध्ये टांगलेला तो लांबलचक कापडी तक्ता तिच्या डोळ्यांपुढं आला. सृष्टीच्या आरंभापासून शेवटापर्यंतचा सगळा काळ त्यावर रंगवलेला होता. शेवटाकडे एक लाल पट्टा होता: महासंकट, सात वर्षं.

सात वर्षं. मिनलनं नाक पुसलं.

त्यात ना एक दिवस कमी होणार होता, ना जास्त. ब्रदर नेहमी बजावून सांगायचे. दुष्काळ पडेल, लढाया होतील, पाणी कडू होईल. होईल तर होईल. पण सात वर्षं पक्की होती. लग्नानंतर तिला कुणी पुढचा नाताळ पक्का सांगितला नव्हता, आणि आता तिच्यासमोर ओळीनं सात वर्षं उभी होती, स्वतः देवानं ठरवून दिलेली. तिला काय वाटलं ते तिला आवडलं नाही, पण वाटलं ते वाटलं. तिला मोकळं वाटलं. आठ वर्षं आवळून बांधलेला पट्टा कुणीतरी सोडावा तसा तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

तिचा फोन वाजला. चारुलता मॅडम होत्या.

“मिनल, अगं पाच वाजत आले. मला मेल पाठवायचाय. तुझं काय ठरलं? घरी विचारलंस?”

मिनलनं रिकाम्या खोलीकडे बघितलं. “घरी…” ती म्हणाली आणि थांबली. “घरी आता कुणी विचारायला नाहीये, मॅडम.”

“म्हणजे?”

“काही नाही. माझं नाव घाला.”

“नक्की ना? तीन वर्षांची बांधिलकी आहे हं. मधेच सोडता येणार नाही.”

“नाही सोडणार. तीन वर्षं बसतात.”

मॅडमना ते काही कळलं नसावं, पण त्या अभिनंदन म्हणाल्या. मिनल उठली. तिला कडकडून भूक लागली होती. सकाळच्या कंपनीतल्या नाश्त्यानंतर पोटात काही नव्हतं, डबाही तसाच परत आला होता. तिनं पोळपाटावरची चपाती पुरती लाटली, तवा पुन्हा तापवला, भाजली, तूप लावलं आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली. आभाराची प्रार्थना करायची राहिली हे तिला शेवटच्या घासाला आठवलं. तिनं दुसरी लाटायला घेतली.

तेवढ्यात वरून कुठूनतरी धाडधाड आवाज यायला लागला. लोखंडी पत्र्यावर कुणीतरी बुक्क्या मारत होतं. मग कडी सरकली, आणि जिन्यात एक ओळखीचा आवाज घुमला.

“अगं बाई, डोळं फुटलं व्हतं का तुझं? माणसं हायेत का न्हाईत, बघावं तरी कडी लावताना!”

मिनलच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

कौशल्याबाई दारात आल्या त्या घामानं निथळत, पदराची झोळी करून, आणि झोळीत कुरडया. मागे जयसिंग, डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची गुंडाळी, एकेक पाऊल उचलून टाकत. चेहरा उन्हानं लालबुंद.

झालं होतं ते असं. गच्चीला एरवी घरमालकाचं कुलूप. भाडेकरूंना वर जायला बंदी. पण आज कौशल्याबाईंनी घरमालकिणीला मस्का लावून किल्ली मिळवली होती आणि मिनल कामाला गेल्यावर वर कुरडया घातल्या होत्या. मिनल यायच्या जरा आधी वावटळ उठली. कुरडया उडतील म्हणून दोघं हातातलं टाकून, अनवाणीच वर धावली, चष्म्याविना आई जयसिंगच्या हाताला धरून. वरच्या मजल्यावरच्या बाईला गच्चीचं दार उघडं दिसलं, तिनं बाहेरून कडी घातली आणि मिक्सर लावून बसली. डांगे चौकातल्या गाड्यांच्या आवाजात दोघांचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. जयसिंगनं आईला कागदावर उभं केलं आणि स्वतः तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभा राहिला. शेवट याच दिवसांत येणार असताना वर्षभराच्या कुरडया कशाला लागतात, हे कौशल्याबाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं.

मिनलचा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन जयसिंगला मिठी मारावी असं तिला झालं. आणि त्याच वेळी तिच्या छातीभोवतीचा पट्टा पुन्हा आवळला गेला, होता त्याच भोकावर. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, आणि ती कुठलीच न करता नुसती उभी राहिली.

कौशल्याबाईंनी चष्मा चढवून सुनेचं तोंड निरखलं. रडून सुजलेले डोळे बघितले आणि त्यांना हसू फुटलं.

“अगं माझ्या लेकरा! आमाला नेलं असं वाटलं व्हय तुला?”

मिनलनं मान डोलावली.

“ब्रदरला फोन केला असशील.”

“बंद लागला. करिष्मापण उचलेना.”

“आज बायकांची उपासप्रार्थना न्हाई का! दाराशी टोपलीत टाकायला लावत्यात सगळ्यांचं फोन. मला शुगर म्हणून मी जात न्हाई, तुला कंपनी. तुला कुठनं ठावं असणार?” त्यांनी कुरडयांसकट मिनलला जवळ घेतलं. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मंडळीत ज्यानं त्यानं हे, आपणच मागे राहिलो असं वाटणं, एकदा तरी अनुभवलेलं होतं. करिष्मानं बाजारात अनुभवलं होतं, खुद्द ब्रदरनी रेल्वे स्टेशनवर. रविवारी उभं राहून प्रत्येकानं त्याची साक्ष दिली होती. इतक्या वर्षांत एका मिनलजवळच द्यायला साक्ष नव्हती. “आता रविवारी तू सांग सगळ्यांस्नी. पैलं काय केलंस गं? गुडघं टेकलं असशील.”

“आई, ह्यांचे पाय भाजलेत,” मिनल म्हणाली.

तिनं जयसिंगला मोरीवर बसवलं आणि माठातलं पाणी तांब्यानं त्याच्या पायांवर ओतायला लागली. कौशल्याबाई आतल्या खोलीत पलंगावर कागद अंथरून कुरडया पसरायला लागल्या.

“फार घाबरलीस?” जयसिंगनं हळूच विचारलं.

“आधी घाबरले.”

“आधी?”

“मग चारुलता मॅडमचा फोन आला.” ती पाणी ओतत राहिली. “मी हो म्हणाले.”

जयसिंगनं पाय मागे घेतला. मग नेहमीच्याच समजुतीच्या सुरात म्हणाला, “असू दे. घाबरलेल्या मनानं बोललीस. उद्या सांग त्यांना, चुकून म्हणाले.”

“चुकून नाही म्हणाले.”

“मिनल, आम्ही गेलो असं वाटत असताना…” त्यानं ते वाक्य तसंच सोडलं. “मी नाही असं वाटत असताना तुला ते सुचलं?”

“रडले मी. तुमचा फोन छातीशी धरून रडले. खोटं नाही सांगत.” तिनं तांब्या खाली ठेवला. आता थांबावं असं तिला वाटत होतं, पण थांबता येईना. “मग मनात आलं, सात वर्षं आहेत. तुम्ही आहात तोवर मला कुणी एक वर्ष दिलं नाही हो. तुम्ही गेलात आणि सात मिळाली.”

जयसिंगनं तिच्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा असा झाला की मिनलला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं; पण बोललेलं परत घ्यावं असं मात्र तिला वाटलं नाही.

“तुला बरं वाटलं?” त्यानं विचारलं. “आम्ही नव्हतो तेव्हा?”

नाही म्हणणं सोपं होतं आणि ते तिला जमलं नाही.

“काय कुजबुजताय रं मोरीत?” आतून कौशल्याबाईंनी विचारलं. “सांगितलं का तिनं, पैलं काय केलं ते?”

जयसिंग आपल्या भाजलेल्या पायांकडे बघत होता. कंपनीत पाच मिनिटं उशीर झाला तर खरं कारण सांगून बोलणी खाणारा माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून आवाज नको तेवढा मोठा झाला.

“गुडघे टेकले म्हणतीय, आई. आल्या आल्या गुडघे टेकून प्रार्थना केली तिनं.”

“स्तुती असो!” कौशल्याबाईंनी आतूनच टाळी वाजवली. “रविवारी अस्संच सांग गं पोरी, सगळ्यांपुढं उभी राहून. ब्रदरला किती बरं वाटंल!”

मिनल जयसिंगकडे बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही. तांब्या त्यानं स्वतःच उचलला, उरलेलं पाणी दुसऱ्या पायावर ओतलं आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

“शनिवारी किती वाजता असतो तो क्लास?”

“नऊला,” मिनल म्हणाली.